पालघर परिसरातील शैक्षणिक देवाणघेवाण

परदेशांत विकसित झालेल्या अध्यापनपद्धती व तंत्रविद्या यांचा महाराष्ट्राच्या उत्तर किनारपट्टीवर झालेला स्वीकार आणि वंचित बालकांसाठी त्यांत करण्यात आलेले फेरबदल यांचा इतिहास. बोर्डी व कोसबाड (ता. डहाणू) येथील बालशिक्षणाचा प्रयोग हा या इतिहासाचा गाभा होय. कृत्रिम बुद्धिमत्तेची साक्षरता हा शालेय शिक्षणाचा भाग होऊ लागल्यामुळे या प्रयोगाकडे नव्याने पाहणे अगत्याचे ठरते.

पालघर जिल्हा ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. किनाऱ्यालगत बागायतीची व मच्छीमारांची गावे, लोहमार्गालगत औद्योगिक वसाहती आणि पूर्वेस जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख, असे त्याचे स्वरूप आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्रातील सु. ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून तीत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी इत्यादींचा समावेश होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेठबिगारी आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ची प्रथा यांनी वारली समाज गांजलेला होता. त्याविरुद्ध १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

या केंद्रामागील विचाराचा उगम रोममधील आहे. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) या इटालियन विदुषीने १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या श्रमिक वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. मुलाला निवडीचे स्वातंत्र्य द्यावे, इंद्रियांना वळण लावणारी साधने त्याच्या हाती द्यावीत व शिक्षकाने निरीक्षकाची भूमिका घ्यावी, ही या पद्धतीची प्रमुख तत्त्वे होत. गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर काढून त्या तत्त्वांना भारतीय रूप दिले. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादर येथे १९३६ मध्ये शिशुविहार सुरू केले. स्वतः माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि भारतीय शिक्षकांना त्यांच्याकडून प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळाले.

श्रमिकांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धती महागड्या साधनांमुळे शहरी मध्यमवर्गापुरती मर्यादित राहण्याचा धोका मात्र होता. बोर्डीच्या प्रयोगाने नेमकी हीच कोंडी फोडली. ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी विकत आणाव्या लागणाऱ्या संचांऐवजी दगडगोटे, शिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंचा उपयोग केला. साधन कोणते, यापेक्षा त्यातून मूल काय शिकते, यावर त्यांचा भर होता. गावातील मध्यवर्ती बालवाडीत दलित व गरीब वस्त्यांतील मुले येत नाहीत, असे दिसून येताच बालवाडीच त्या वस्तीत, एखाद्या घराच्या अंगणात भरविण्यात आली. ‘अंगणवाडी’ या संज्ञेचे मूळ या कृतीत आहे.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. तेथील अडचणी निराळ्या होत्या. वारली मुलांना गुरे राखावी लागत, तर मोठ्या भावंडांना धाकट्यांना सांभाळावे लागे. या अनुपस्थितीचा दोष मुलांवर वा पालकांवर न टाकता शाळेची घडीच बदलण्यात आली. गुराख्यांसाठी चराऊ रानात ‘कुरणशाळा’ भरू लागली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणाऱ्या ‘विकासवाडी’त धाकटी भावंडेही मोठ्यांबरोबर येऊ शकत. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री हे किताब मिळाले. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देण्यात आले. रोमहून आलेला विचार अशा रीतीने डहाणू तालुक्यात रूपांतरित होऊन देशभर पोहोचला.

याच किनाऱ्यावर परदेशी सहकार्याचे दुसरे उदाहरण तारापूर येथे घडले. अमेरिकी सहकार्याने उभारलेल्या तेथील अणुवीज केंद्राने १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू केली. भारताच्या १९७४ च्या अणुचाचणीनंतर मात्र अमेरिकेकडून होणाऱ्या इंधनपुरवठ्यात अडथळे आले आणि १९८२ मध्ये फ्रान्सशी करार करून तो सुरू ठेवावा लागला. शिक्षण व वीजनिर्मिती ही क्षेत्रे भिन्न असली, तरी एक फरक लक्षणीय आहे : कोसबाडला साधने जागच्या जागी घडविता आली, तारापूरला इंधनासाठी इतरांवर विसंबावे लागले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिक्षणापुढे हाच प्रश्न उभा आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून हा विषय इयत्ता नववीत ऐच्छिक म्हणून आणला. युनेस्कोने २०२४ मध्ये विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठी या विषयातील क्षमतांचे आराखडे प्रसिद्ध केले. देशोदेशींच्या शाळांना जोडण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी परस्परांशी वैर असलेल्या देशांतील विद्यार्थ्यांचा संवाद घडवून आणला. त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

तथापि दूरच्या शाळेशी जोडले जाणे म्हणजे समावेशन नव्हे. भाषेवर आधारलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली विपुल लिखित मजकुरावरून घडविल्या जातात. वारली ही मुख्यतः मौखिक परंपरेची बोली असून संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही. त्यामुळे वारली बालकाला अशी प्रणाली परक्या भाषेतच भेटण्याचा संभव अधिक असतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतीय कामगारांची मुले व वीटभट्ट्यांवर हंगामी स्थलांतर करणाऱ्या आदिवासी कुटुंबांची मुले यांचे शिक्षणही सलग राहत नाही. ही यंत्रे कशी चालतात, त्यांचे उत्तर केव्हा चुकते आणि त्यांत कोणाचे अनुभव वगळले जातात, हे कळणे या साक्षरतेत अभिप्रेत आहे. वर्गीकरण, नमुना ओळखणे व अनुमान या तिच्या मूलभूत कल्पना पाने वा शिंपले यांची जुळणी करूनही शिकविता येतात. त्यासाठी प्रत्येक मुलापुढे संगणक असलाच पाहिजे, असे नाही. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे कोसबाडचे सूत्र या नव्या विद्येलाही तितकेच लागू पडते.