ड्युशेन डॅश

लंडन ते पॅरिस हे सुमारे ३०० किमी. अंतर २४ तासांत सायकलने कापण्याची ब्रिटनमधील वार्षिक निधिसंकलन मोहीम. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थोडक्यात डीएमडी, या आनुवंशिक स्नायुविकारावरील संशोधनासाठी ती २०१३ पासून काढली जाते. तिची सूत्रे आज ज्या ‘ड्युशेन यूके’ संस्थेकडे आहेत, ती मोहिमेपेक्षा वयाने लहान. एमिली क्रॉसली आणि ॲलेक्स जॉन्सन यांनी २०१६ मध्ये ती उभी केली. दोघींच्याही मुलांना हा आजार आहे.

डीएमडीचे मूळ एक्स गुणसूत्रावरील एका जनुकाच्या दोषात असल्यामुळे तो जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होतो. प्रमाण साधारणपणे ३,५०० ते ५,००० नवजात मुलग्यांमागे एक. ७९ एक्झॉनांचे, म्हणजे संकेत वाहणाऱ्या तुकड्यांचे, हे जनुक सर्वांत लांब मानवी जनुकांपैकी एक, त्यामुळे बिघाडाला वावही मोठा. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत दोष आईकडून आलेला नसतो, नव्यानेच उद्भवतो. ‘आमच्या घराण्यात तर हे कुणालाच नव्हतं’ हे आईवडिलांचे म्हणणे अनेकदा अक्षरशः खरे असते. या जनुकावरून बनणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्याने स्नायुतंतूंचे आवरण प्रत्येक आकुंचनाबरोबर इजा सोसत राहते आणि मेलेल्या तंतूंच्या जागी चरबी व तंतुमय ऊती साठते. त्यामुळे सुरुवातीला पोटऱ्या भरदार दिसतात. पोरगं दणकट आहे, असे घरच्यांना वाटते. खालून उठताना मात्र ते आधी पालथे होते, मग आधी गुडघ्यांवर आणि नंतर मांड्यांवर हात टेकवत कसेबसे ताठ होते. या खुणेला डॉक्टर गॉवर्स यांचे नाव आहे आणि अनुभवी बालरोगतज्ज्ञाला ती दारातूनच ओळखू येते. बाराव्या वर्षाच्या आसपास चाकांची खुर्ची लागते. पुढे श्वसनाचे आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात.

नावात ‘डॅश’ असला तरी ही शर्यत नव्हे. लंडन सोडून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील न्यूहेवन गाठायचे, सायकली जहाजात चढवायच्या आणि रात्रीच्या फेरीने इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधील दिएपला उतरायचे. फेरीला चार तासांच्या आसपास लागतात. फ्रान्सचे घड्याळ तासभर पुढे, म्हणजे आधीच तुटपुंज्या झोपेतला एक तास कागदावरच जातो. खरी दमछाक त्यानंतरची, कारण पॅरिसपर्यंतचा मोठा टप्पा अजून शिल्लक असतो आणि नॉर्मंडीतला रस्ता सपाट नाही. सायकलस्वारांत हौशी मंडळी असतात, तशी आजाराची झळ लागलेल्या घरांतली माणसे आणि त्यांचे मित्रही. प्रत्येकजण आपापल्या ओळखीपाळखीतून देणग्या जमवतो.

पैसा कुठे जातो, हे सायकलींपेक्षा अधिक लक्षवेधी आहे. औषधे चाचणीच्या टप्प्यावर आली, तरी त्या चाचण्या घ्यायला रुग्णालयांत पुरेसे डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्टच नाहीत, असा अनुभव ब्रिटनमध्ये आला. म्हणून संस्थेने ‘डीएमडी हब’ या उपक्रमातून चाचणीकेंद्रांतील अशा पदांचा खर्च उचलला. देणगीदाराला दाखवायला यात चकचकीत काही नाही. तरी पालकांनी हेरलेली ही अडचण नेमकी होती.

डीएमडीवरील व्हॅमोरोलोन या औषधालाही सुरुवातीच्या काळात पालकांच्या धर्मादाय संस्थांनी पैसा पुरवला. ते विकसित करणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांत एरिक हॉफमन आहेत. १९८७ मध्ये लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेत डिस्ट्रोफिन ओळखणारे हेच संशोधक. अमेरिकेत औषधाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आजार त्याने बरा होत नाही. ते नेहमीच्या स्टेरॉइडांना पर्याय म्हणून दिले जाते, आणि स्टेरॉइडांनी मुलांची उंची खुंटते तशी याने खुंटत नाही, असे चाचण्यांत दिसले.