मुळशीचें पाणी



सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसास दोन वाटा असतात. पश्चिमेकडे उतरलेलें पाणी कोंकणांतून अरबी समुद्रास मिळतें. पूर्वेकडे वळलेलें मुळा, भीमा व कृष्णा यांच्या ओघांतून बंगालच्या उपसागरास जातें. मुळशीच्या धरणानें हा निसर्गाचा दंडक मोडला. मुळा व निळा यांच्या संगमापाशीं भिंत घालून अडविलेलें पाणी डोंगर पोखरून भिरा येथील वीजगृहावर सोडण्यांत आलें, आणि देशावरचें पाणी कुंडलिकेच्या वाटेनें कोंकणांत उतरलें. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) यांच्या मागोमाग १९२७ सालीं टाटा कंपनीची ही तिसरी वीज मुंबईस पोंचली.

स्थापत्याच्या दृष्टीनें कार्य मोठें, यांत शंका नाहीं. परंतु या जलाशयाच्या तळाशीं भाताचीं खाचरें आहेत. पन्नासांच्या आसपास गांवांवर हें संकट आलें. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचें शस्त्र सरकारनें कंपनीच्या कामीं लाविलें. जमिनी रीतसर ताब्यांत येण्यापूर्वींच चर खणले गेले. तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळे स्त्रीपुरुष धरणाच्या जागीं जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ हा त्यांचा निर्धार होता. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट यांनीं लढ्याची धुरा वाहिली. बापटांस ‘सेनापति’ ही पदवी येथेंच लाभली.

सत्याग्रहींनीं तुरुंगवास सोसला. पण लढ्यास खरी फूट निराळ्या ठिकाणीं पडली. पुण्यांत राहणाऱ्या कित्येक जमीनदारांस नुकसानभरपाई पुरेशी वाटूं लागली. जमीन कसणाऱ्या कुळास मात्र त्या पैशाचा आधार नव्हता. त्याचें सारें त्या मातींतच होतें. १९२४ पर्यंत चळवळ ओसरली, आणि पुढें तीन वर्षांत गांवें पाण्याखालीं गेलीं.

स्वतंत्र भारतांत कोयनेपासून नर्मदेपर्यंत धरणें झालीं, आणि मुळशीचाच प्रश्न पुन्हां पुन्हां उभा राहिला: लोकहिताचा हिशेब मांडतांना ज्याचें घर बुडतें तो त्या लोकांत धरला जातो कीं नाहीं? १८९४ चा कायदा जाऊन २०१३ सालीं नवा आला. त्याच्या नांवांतच पुनर्वसनाचा उल्लेख आहे, आणि मालक नसूनही जो त्या जमिनीवर पोट भरतो त्याचें कुटुंब त्यानें बाधित मानलें. मुळशीच्या कुळास जें १९२१ सालीं सांगावयाचें होतें, तें कायद्यांत उतरावयास ब्याण्णव वर्षें लागलीं.