हजारामागचा हिशेब

वर्गात फळ्यावर मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा काढल्या, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठिपका दिला आणि 'ही किंमत' असे म्हटले, की मला दरवर्षी अम्माचे सूप आठवते. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये बाजाराच्या अदृश्य हाताचा उल्लेख केला. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलाने मात्र तो हात डोळ्यांनी पाहिलेला असतो. तो विडी कारखान्याच्या ब्रँचमधल्या तपासनिसाचा हात. अम्मा दिवसभर वळलेल्या विड्या त्याच्यासमोर ठेवायची. तो मूठभर उचलायचा, दाबून बघायचा आणि काही बाजूला टाकायचा. "अक्का, ही छाट." त्या छाटीचे पैसे मिळत नसत.

अम्माची ती ब्रँच कोणत्या कारखान्याची होती, याला इथे महत्त्व नाही. ही पद्धत एका मालकाच्या स्वभावातून आलेली नव्हती, बाजाराच्या रचनेतून आलेली होती. या लेखात मी ती रचना मांडणार आहे.

विडीला तीन गोष्टी लागतात: तेंदूचे पान, तंबाखू आणि दोरा. पान येते विदर्भातून, छत्तीसगड-ओडिशाच्या जंगलांतून. महाराष्ट्रात त्याच्या व्यापारावर १९६९ च्या कायद्याने सरकारी नियंत्रण आले. विडीची तंबाखू गुजरातेतून आणि निपाणीकडून येते. म्हणजे पान आणि तंबाखू यांतले काहीच सोलापूरचे नाही. मग हा धंदा इथे का रुजला? १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या, हातमाग आणि यंत्रमाग आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे येऊन स्थायिक झाली. पुरुष मागावर आणि गिरणीत. बायका घरात, लेकरे सांभाळत. साठच्या दशकापासून गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या, तसा घर चालवण्याचा भार या बायकांच्या बोटांवर आला. विडीचा धंदा इथे कच्च्या मालासाठी आला नाही, हातांसाठी आला. ज्यांना घराबाहेर दुसरे काम मिळणे कठीण होते, असे हजारो हात इथे एका जागी होते.

आता दुसऱ्या टोकाला, गिऱ्हाइकाकडे जाऊ. विडी ओढणारा बहुधा रोजंदारीवरचा माणूस. पंचवीस विड्यांचे बंडल त्याच्या खिशाला परवडले पाहिजे. दर थोडा वाढला तरी तो शेजारचे बंडल उचलतो. म्हणून कारखानदार किमतीवर फार खेळू शकत नाही. तो खेळतो लेबलवर. रंगीत कागद, देवाचे किंवा माणसाचे चित्र, मोठा ठळक आकडा. अक्षरओळख नसलेल्यालाही आपली विडी चित्रावरून ओळखता येते. मार्केटिंगची पुस्तके ज्याला ब्रँडनिष्ठा म्हणतात, ती विडीवाल्यांनी भिंतीवरच्या रंगवलेल्या जाहिरातींतून केव्हाच साधली होती. गंमत अशी, की वेगवेगळी लेबले एकाच गल्लीतल्या हातांवर लागत असत. अम्मा एका कारखान्याची, शेजारची मावशी दुसऱ्याची. वळण्याची रीत एकच.

विक्रीची किंमत गिऱ्हाइकाच्या खिशाने बांधलेली, पानाची लिलावाने आणि तंबाखूची मंडईने. मग नफ्यासाठी दाबता येईल अशी एकच जागा उरते, ती म्हणजे हजार विड्यांमागची मजुरी. पण तो दर तर करारात आणि सरकारी अधिसूचनेत लिहिलेला असतो. तो उघडपणे कमी करता येत नाही. इथे छाट कामाला येते.

हिशेब साधा आहे. हजार विड्यांची चाळीस बंडले होतात. त्यात दोन बंडले छाट निघाली, तर पुरे हजार भरायला बाईला एक हजार पन्नास वळाव्या लागतात. दर तोच राहिला, मजुरी मात्र घटली. शिवाय मिळालेले पान फाटके किंवा आखूड निघाले, तर विड्या कमी भरतात. मग अम्मा पदरच्या पैशाने बाहेरून पान घ्यायची. कच्च्या मालाची जोखीम मालकाने घ्यायची की मजुराने, हा पाठ्यपुस्तकातला प्रश्न आमच्या घरात पान भिजवताना रोज रात्री सुटत असे, आणि उत्तर ठरलेले असे.

केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये अपूर्ण स्पर्धेवर ग्रंथ लिहिला. विकणारे पुष्कळ आणि विकत घेणारे मोजके असले, की विकणाऱ्याला त्याच्या श्रमाचे पुरते मोल मिळत नाही, हे त्यांनी त्यात दाखवले. विडी वळणारी बाई ज्या ब्रँचशी बांधलेली, तीच तिची एकमेव गिऱ्हाईक. कडेवर मूल घेऊन ती दुसऱ्या टोकाच्या ब्रँचला जाणार कशी?

हा तोल बाजाराने आपणहून सुधारला नाही. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. घरी बसून विडी वळणारीही कामगारच, हे त्याने मान्य केले. पुढे त्याखालच्या नियमांनी छाटीलाही टक्केवारीची मर्यादा घातली. त्यावर भांडवलाने काय केले ते केरळात दिसले. कायदा लागू होणार म्हणताच १९६८ मध्ये मंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने कण्णूर भागातले काम बंद केले. हजारो कामगार घरी बसले. पैसा सीमा ओलांडू शकतो, कामगाराचे बिऱ्हाड तितक्या सहज हलत नाही. त्या कामगारांनी १९६९ मध्ये 'दिनेश विडी' ही सहकारी संस्था उभी केली. कायद्याला दिलेले आव्हान १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही, आणि १९८५ मध्ये घरखेप कामगारांचा भविष्यनिर्वाह निधीचा हक्कही त्याच न्यायालयाने उचलून धरला.

या साखळीतला पुढचा दुवा म्हणजे अक्कलकोट रस्त्यावरचे कुंभारी. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून इथल्या माळावर विडी कामगार महिलांची दहा हजार घरे उभी राहिली. वसाहतीला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे मिळाली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बाईचा स्वतःचा वाटा, अशी पैशाची जुळणी होती. (सोलापुरात गमतीने म्हणावेसे वाटते, की एका ॲडमने अदृश्य हात दाखवला, दुसऱ्या आडमने हातांची मूठ.) पुढे कुंभारीतच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले. त्यातली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली.

घराचा बाजाराशी संबंध काय, असे कोणी विचारेल. विडीच्या धंद्यात घर हाच कारखाना असतो. पूर्व भागातल्या भाड्याच्या खोलीत अम्मा विड्या वळायची, तेव्हा कारखान्याच्या जागेचे भाडे खरे तर तीच भरत होती. मालकाच्या वहीत तो खर्च कुठेच नव्हता. घरकुलात आल्यावर ते भाडे थांबले. पण नवी अडचणही आली. शहर दूर गेले, प्रत्येक कामाला बसभाडे लागू लागले, आणि श्रम विकत घेणारे जवळ असण्याचा फायदा कमी झाला. स्वस्त जमीन शहराबाहेरच मिळते, आणि त्या स्वस्ताईची उरलेली किंमत राहणाऱ्याला रोज भरावी लागते.

आज विडी उतरणीला लागली आहे. २००३ चा तंबाखूविरोधी कायदा, पाकिटावरची इशाऱ्याची चित्रे, २०१७ मध्ये लागलेला २८ टक्के जीएसटी. याबद्दल मी तक्रार करणार नाही. विडीने फुप्फुसे जळतात, आणि सुपातल्या तंबाखूच्या धुळीने वळणारीलाही खोकला लागतो. तो मी रात्री ऐकलेला आहे. धंदा संपावा, पण त्याच्याबरोबर काय संपते तेही पाहावे. फंड, दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घर हे सगळे विडी कामगाराच्या ओळखपत्रावर मिळाले. घरकुलातल्या पुढच्या पिढीच्या मुली विडी वळत नाहीत. शिलाई, दुकान, घरकाम अशा ज्या कामांत त्या जातात, तिथे असे कार्ड नाही. दिनेश विडीने पुढे खाद्यपदार्थ आणि छत्र्या बनवायला घेतल्या. धंदा बदलला, संघटना ठेवली. सोलापूरला हे जमेल का, हा माझ्या मते कुंभारीपुढचा खरा प्रश्न आहे.

अम्मा आता विडी वळत नाही. डोळे साथ देत नाहीत. तिचे विडी कार्ड घराच्या कागदांसोबत एकाच पिशवीत असते. मी एकदा म्हटले, कार्डाचा आता उपयोग काय? ती म्हणाली, "ह्याच्यामुळं ते मिळालं, वेगळं कसं ठेवू?"