महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि अपील

कळंबा कारागृहातल्या कैद्याला हायकोर्टात अपील करायचे, तर ते मुंबईत. घरच्यांनी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, पावणेचारशे किलोमीटरवर जायचे आणि बऱ्याचदा पुढची तारीख घेऊन परतायचे. गरीब कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच होसकोट खटल्यात बजावले. हक्क मिळाला, अंतर तेवढेच राहिले.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथले वकील म्हणूनच खंडपीठासाठी चार दशके झगडले. औरंगाबादला ते १९८१ मध्येच मिळाले, याचे शल्य होतेच. शिवाय संस्थानकाळात करवीरला स्वतःचे हायकोर्ट होते. १९४९ च्या विलीनीकरणात ते गेले, ही आठवण जुन्या कोल्हापूरकरांना अजून आहे. २०१३ मध्ये वकिलांनी कामकाजावर दीर्घ बहिष्कार टाकला. मागणी रास्त होती, पण बहिष्काराची झळ जामिनाची वाट पाहणाऱ्यांनाही बसते, हेही सांगायला हवे.

अखेर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. ते कायमचे खंडपीठ नव्हे. तरी कळंब्याहून आता हायकोर्ट रिक्षाच्या अंतरावर आले आहे.