डालडा आणि पाच टक्के तिळाचे तेल

वनस्पती तुपाचा इतिहास धुंडाळताना मी जुन्याजाणत्यांना आठवणी विचारत असे. पिवळ्या डब्यावरचे ताडाचे झाड सर्वांना आठवे, रिकाम्या डब्यात लावलेली तुळसही. चव मात्र कोणी सांगत नसे.

द्रव तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याचे पेटंट जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये घेतले. लिव्हर कंपनीने १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, मुंबईत शिवडीला कारखाना उभारला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आणला. ‘दादा’ या डच व्यापारी पेढीच्या नावात लिव्हरचा ‘ल’ घुसवून हे नाव झाले.

विरोध लगेच झाला. गांधीजींचा रोष मुख्यतः फसवणुकीवर होता: वनस्पती तुपाच्या नावाने खपवले जाई, तुपात मिसळलेही जाई. त्याने आंधळेपण येते, अशी भीतीही पसरली. १९५०च्या सुमारास बंदीचा प्रश्न संसदेपर्यंत गेला. बंदी आली नाही.

भेसळीवरचा उपाय मात्र मला फार आवडतो. वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. संशयित तूप हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवले, की तिळाच्या अंशामुळे आम्लाचा थर गुलाबी-लाल होतो. लबाडी स्वतःच रंग दाखवते! पोषणाची उणीव भरून काढण्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्वही घालू लागले.

खरा दोष या दोन्ही उपायांच्या कक्षेबाहेर होता. हायड्रोजन अर्धवट मिसळला, की काही मेदाम्लांची रचना बदलून ट्रान्स मेद तयार होतो. तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगले घटवतो, हे मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये दाखवले. (हे दोघेही डच, हा निव्वळ योगायोग.) तोवर करंजीच्या मोहनात आणि बेकरीच्या खारीत डालडा मुरून दोन पिढ्या झाल्या होत्या. आपल्याकडे ट्रान्स मेदाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली: दहा टक्के, मग पाच, २०२१ मध्ये तीन आणि जानेवारी २०२२ पासून दोन.

हल्ली सरसकट सगळ्याच रिफाइंड तेलांना विष म्हटले जाते. मला ते पटत नाही. सूर्यफुलाचे किंवा सोयाबीनचे द्रव तेल आणि अर्धवट हायड्रोजन मिसळलेला वनस्पती हे वेगळे पदार्थ आहेत; डालड्याविरुद्धचा पुरावा त्या तेलांना जसाच्या तसा लावता येत नाही. तेच तेल कढईत पुन्हा पुन्हा तापवणे, हा मात्र निराळा आणि खरा प्रश्न आहे.