संहती आणि तीव्रता : आम्लक्रियेच्या वेगविचाराचा इतिहास

भंडारा शहराची ख्याती पितळी भांड्यांच्या व्यवसायावर उभी आहे. तापविलेल्या पितळेवर ऑक्साइडाचा काळपट थर चढतो. तो निघाल्यावाचून भांड्यास झळाळी येत नाही. घरी या कामी चिंच लागते, तर धातुकामात विरल गंधकाम्ल. चिंचेचा कोळ दाट असेल तर डाग लवकर निघतो. तथापि दाट कोळाहूनही गंधकाम्लाचे पाणी अधिक त्वरेने काम करते. बोलीत या दोन्ही गुणांना ‘कडक’ हा एकच शब्द पुरतो. शास्त्रास मात्र त्यांची फारकत करण्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षे खर्चावी लागली.

या इतिहासाचा आरंभ इ. स. १८५० मध्ये झाला. जर्मन संशोधक लुडविग विल्हेल्मी याने आम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे होणारे विघटन ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने मोजले. कोणत्याही क्षणी क्रियेचा वेग त्या क्षणी शिल्लक राहिलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, हा नियम त्याने गणिती रूपात मांडला. परंतु त्याच्या कार्याकडे तीन दशके फारसे कोणी लक्ष दिले नाही. इ. स. १८६४ मध्ये नॉर्वेतील गुल्डबर्ग व वागे यांनी रासायनिक क्रिया व पदार्थांची संहती यांचा संबंध सांगितला. तो निबंध नॉर्वेजियन भाषेत असल्याने उपेक्षित राहिला. १८६७ मध्ये फ्रेंच व १८७९ मध्ये जर्मन भाषेत विवेचन आल्यावरच तो विद्वानांपर्यंत पोहोचला. नियमाचे सत्य भाषेवर अवलंबून नसले, तरी त्याचा प्रसार भाषेवर अवलंबून असतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

तरीही एक कोडे उरलेच होते. समान संहतीची दोन आम्ले समान वेगाने का वागत नाहीत? १८८४ च्या सुमारास विल्हेल्म ऑस्टवाल्ड याने अनेक आम्लांची तुलना केली. साखरेच्या विघटनात हायड्रोक्लोरिक आम्लाचा वेग १०० मानला, तर तितक्याच संहतीच्या असेटिक आम्लाचा वेग १ देखील भरत नव्हता. आम्लांची विद्युद्वाहकताही याच क्रमाने आढळली. याचे कारण अऱ्हेनियसच्या आयनीभवनाच्या सिद्धांताने (१८८७) स्पष्ट केले. द्रावणात आम्ल किती घातले, एवढ्यावर वेग ठरत नाही. त्यातून हायड्रोजनाचे किती आयन मुक्त झाले, यावर तो ठरतो.

पुढील वर्षी ऑस्टवाल्डने मांडलेल्या विरलतेच्या नियमावरून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. असेटिक आम्लासारख्या सौम्य आम्लाची संहती चौपट केली, तरी हायड्रोजन आयनांची संहती सुमारे दुप्पटच होते. म्हणजे ‘आम्ल दुप्पट, म्हणून वेग दुप्पट’ हे विधान तीव्र आम्लाच्या विरल द्रावणापुरतेच बहुधा चालते.

साखरेच्या विघटनात आम्ल खर्च होत नाही. पितळेवरील थर विरघळविताना ते खर्च होते, आणि तेथे पृष्ठभागाचाही प्रश्न असतो. म्हणून एका क्रियेचा नियम दुसरीवर जसाच्या तसा लादता येणार नाही. परंतु मूळ भेद दोन्हीकडे कायम आहे. मराठी परिभाषेने ‘संहत’ व ‘विरल’, तसेच ‘तीव्र’ व ‘सौम्य’, अशा दोन स्वतंत्र जोड्या स्वीकारल्या आहेत. आम्ल विरल असूनही तीव्र, किंवा संहत असूनही सौम्य असू शकते. ज्या प्रयोगवहीत संहतीऐवजी ‘तीव्रता’ लिहिली जाते, तेथे आकडे अचूक असूनही निष्कर्ष चुकतो. कारण कोणता घटक बदलला आणि कोणता स्थिर ठेवला, हेच त्या शब्दाने झाकले जाते.