रंगविलेली जुनी छायाचित्रे आणि इतिहासाचा पुरावा : विटा परिसराच्या संदर्भात

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांना संगणकाच्या साह्याने रंग देण्याची पद्धत आता घरोघरी पोहोचली आहे. आजी-आजोबांचे छायाचित्र क्षणार्धात रंगीत होते आणि पुढे स्मरणिकांत छापले जाते. स्थानिक इतिहासाचा पुरावा म्हणून या रंगाचे मूल्य किती, हा प्रश्न विट्यासारख्या गावात विशेष महत्त्वाचा ठरतो.

विटा हे अवर्षणप्रवण खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. १९४९ च्या विभाजनापूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. शेतीचा भरवसा नसल्याने या भागातील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायात शिरली आणि देशभरच्या शहरांत पसरली. धातूची पारख हीच ज्यांची उपजीविका, त्यांच्या घरच्या छायाचित्रांत सोने कोणते व चांदी कोणती हे मात्र दिसत नाही. कृष्णधवल छायाचित्र नेमकी हीच माहिती पुसून टाकते.

छायाचित्रात उजेडाची तीव्रता नोंदली जाते, रंग नव्हे. तीही सर्व रंगांची सारखी नोंदली जात नसे. एकोणिसाव्या शतकातील कोलोडियनच्या काचा मुख्यत्वे निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत; त्यामुळे निळे वस्त्र फिकट, तर तांबडे पागोटे जवळजवळ काळे उमटे. लाल रंगाचीही नोंद घेणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ मध्ये बाजारात आल्या. चकाकणाऱ्या धातूच्या बाबतीत तर उजेड कोठून पडला यावरच पुष्कळ अवलंबून असते.

२०१६ मध्ये झांग, आयसोला व एफ्रॉस यांनी मांडलेल्या पद्धतीत संगणकाला दहा लाखांहून अधिक रंगीत छायाचित्रांवरून शिकविले गेले. असा संगणक ‘हा रंग होता’ असे सांगत नाही. ‘अशा वस्तूला बहुधा असा रंग असतो’ एवढेच सांगतो. पूर्वीचे स्टुडिओही कुंचल्याने दागिन्यांवर सोनेरी रंग चढवीत. परंतु तो कुंचला डोळ्यांना दिसे आणि पाहणाराही त्याला हौस समजे. संगणकाचा रंग मूळचाच वाटतो, हा त्यातील खरा धोका आहे.

शेतकऱ्याच्या घरात दागिना हीच शिल्लक असे. १८७६-७८ च्या दुष्काळात चांदीचे दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टाकसाळीत वितळण्यासाठी आले. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि मंदीत सापडलेल्या कुटुंबांचे सोने परदेशी गेले. धातूवरून घराची आर्थिक स्थिती कळते ती अशी. पायांतील दागिना परंपरेने चांदीचा, हे गृहीत धरता येते. वाक्या, सरी, कमरपट्टा मात्र ऐपतीप्रमाणे दोन्ही धातूंचे असत. चांदीच्या वाक्यांना पिवळा रंग दिला की अल्पभूधारकाचे घर सधन ठरते आणि पुढील अभ्यासक त्यावरून भलताच निष्कर्ष काढू शकतो.

रंगविताना मूळ प्रत जपणे आणि रंग कोणी, कशाच्या आधारे दिला याची नोंद ठेवणे ही किमान अट होय. आधार शोधायचा तर तो जुन्या गहाणखतांत, वाटणीपत्रांत आणि लग्नातील दागिन्यांच्या याद्यांत. तेथे दागिन्याचे नाव, धातू आणि तोळ्यांतील वजन सापडण्याचा संभव असतो. असा कागद हाती असेल तर वाक्यांना रंग द्यावा. नसेल तर उरलेले चित्र रंगीत करूनही वाक्या तेवढ्या करड्याच ठेवता येतात.